कागदाबाहेरचं बोलणं

दादाचं भाषण मैनेच्या हाती आदल्या दिवशीच आलं. दोन छापील पानं, वर सरकारी मोहोर, आणि समासात सचिवसाहेबांच्या बारीक अक्षरात एक सूचना: 'आकडे सावकाश सांगावेत.'

मैना हे तिचं घरातलं नाव. लहानपणी कुणी काही बोललं की ती हुबेहूब त्याच सुरात म्हणून दाखवायची, म्हणून वडिलांनी ठेवलेलं. पुढे तेच पोटापाण्याचं झालं. ती दुभाषी होती. मोठ्या सभागृहाच्या मागच्या भिंतीत काचेच्या खोल्या होत्या, त्यांतल्या एका खोलीत बसून ती आपल्या भाषेतलं बोलणं सभागृहाच्या भाषेत सांगायची आणि तिकडचं इकडे. समोरच्या माणसाचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिचं सुरू झालेलं असायचं. 'मी' म्हणून बोलायचं, ही या कामाची रीत. मंत्री म्हणाला 'मला खेद वाटतो' की मैनेलाही खेद वाटायचा.

परिषद भरली होती क्लस्टर बॉम्बवर. एक तोफगोळा हवेत उघडतो आणि त्यातून मुठीएवढे बरेच बॉम्ब खाली पसरतात. तोफखान्यात त्यांना पिल्लं म्हणत. काही पिल्लं फुटतच नाहीत, तशीच पडून राहतात, आणि लढाई संपल्यावर कुणाच्या तरी हातापायाशी येतात. म्हणून निम्मे देश म्हणत होते, यांवर सरसकट बंदी घाला. मैनेचं सरकार म्हणत होतं, बंदी घाला, पण नव्या गोळ्यांना सवलत द्या. आमची पिल्लं आपोआप निकामी होतात, शंभरात फार तर एक राहतं. हे पटवायला त्यांनी जो तज्ज्ञ आणला होता तो तिचा सख्खा भाऊ होता. तोफखान्यातला मेजर. गेल्या लढाईत हे गोळे त्यानं स्वतः डागले होते, त्याबद्दल त्याला पदकही मिळालं होतं.

हे कुणी मुद्दाम जुळवलं नव्हतं. त्यांच्या भाषेचे दुभाषी होतेच दोन, ती आणि मास्तर.

दुपारी कॅन्टीनमध्ये दादा तिच्यासमोर येऊन बसला. ताटातलं काही खात नव्हता, नुसतं काट्यानं इकडचं तिकडे करत होता.

"वाचलंस?"

"वाचलं. सोपं आहे. मला वाटलं तोफांचे अवघड अवघड शब्द असतील."

"अवघड शब्द त्यांनी काढून टाकले." तो थोडा थांबला. "उद्या मी जरा कागद सोडून बोललो तर येशील ना मागोमाग?"

मैना हसली. "तू? शाळेच्या निरोपसमारंभात तू कागद हातात असूनही रडला होतास."

तोही हसला. मग म्हणाला, "पण येशील ना?"

"कामच आहे ते माझं," ती म्हणाली आणि चहा आणायला उठली. तिला वाटलं, याला सभेची धास्ती बसलीय. घरी वहिनीला फोन करून सांगावं की याला झोपेची गोळी घ्यायला सांग, असंही तिच्या मनात आलं. पण फोन राहून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली बोलली ती एक शिंपीण. सीमेच्या पलीकडच्या खोऱ्यातली. सीमा कागदावर आली, भाषा तीच राहिली. तिचं बोलणं मैनेच्या मावशीसारखं होतं. उजव्या बाहीचं टोक तिनं आत दुमडून टाके घालून बंद केलं होतं. टाके वाकडे होते, डाव्या हाताचे.

पाळी मैनेची होती. तिनं माइक चालू केला.

"मी शिवणकाम करते," शिंपीण म्हणाली, आणि मैना सभागृहाला म्हणाली, मी शिवणकाम करते. "खिंडीखाली ओढ्याकाठी आमची बाग आहे. लढाई संपली, आम्ही परत आलो, तर झाडांना रिबिनी लोंबत होत्या. पांढऱ्या. चांगल्या मऊ. खाली डबीसारखं काहीतरी. माझ्या भाचीला झगा शिवत होते. ती म्हणाली, आत्या, ही लाव ना गळ्याला." इथं ती थांबली नाही, उलट घाईनं पुढे गेली. "भाची गेली. माझा हात गेला. सगळे विचारतात, तू हात कशाला लावलास? अहो, मी शिंपीण आहे. रिबीन दिसली की माझा हात जाणारच."

मैनेनं हे सगळं सांगितलं. माझी भाची. माझा हात. सांगताना तिचं लक्ष खाली शिष्टमंडळाच्या रांगेकडे गेलं. आपल्या भाषेतलं असल्यामुळे दादानं हेडफोन लावलेला नव्हता. 'खिंडीखाली' हा शब्द आला तेव्हा त्यानं दोन्ही हात टेबलाखाली नेले होते, ते अजून वर आले नव्हते.

"मला एकच विचारायचंय," शिंपीण म्हणाली. "ज्यांनी हे टाकले, त्यांना माहीत होतं का, की हे असे मागे राहतात म्हणून?"

अध्यक्षांनी चहाची सुट्टी जाहीर केली. सुट्टीनंतर मेजर बोलणार होते.

मैना हेडफोन काढतेय तोच दारावर टकटक झाली. सचिवसाहेब. शिष्टमंडळाचे प्रमुख, कधी आवाज न चढवणारा माणूस. खोली इतकी अरुंद होती की तिसऱ्या माणसाला दाराला पाठ लावूनच उभं राहावं लागे. कोपऱ्यात मास्तर गळ्यात हेडफोन अडकवून शब्दकोडं सोडवत बसले होते. ते पूर्वी खरोखरच शाळामास्तर होते, आणि अजूनही कुणाचं व्याकरण चुकलं की डोळे मिटून घेत.

"मैनाताई, मेजरसाहेबांना बरं नाहीये," सचिवसाहेब म्हणाले. "वक्ता बदलतो म्हटलं तर ऐकत नाहीत. आणि आयत्या वेळी बदलला तर सगळ्यांच्या भुवया वर जातील. भाषण तुमच्याकडे आहे ना?"

"आहे."

"ते कागद सोडून गेले तरी तुम्ही सोडू नका."

"तसं नाही करता येत, साहेब."

"करता येत नाही, हे मलाही कळतं." त्यांनी घड्याळ पाहिलं नाही, घाई दाखवली नाही. "लढाईतलं एक अक्षर बाहेर बोललं तरी गुपितांचा कायदा लागतो. नोकरी जाईल, पेन्शन जाईल, आणि तुरुंग चुकणार नाही. तो कायदा मी केलेला नाही. पण या सभागृहाला आपली भाषा येत नाही. तुमच्या तोंडून जे बाहेर पडेल तेवढंच ते बोलले. बाकी मी निस्तरतो. मला मेजर आवडतात हो. उगाच नाही सांगत."

ते गेले. काल दादानं काय विचारलं होतं ते मैनेला आता कळलं.

मास्तरांनी कोडं घडी करून खिशात घातलं. "पुढची पाळी माझी आहे. तू बाहेर जा, तोंडावर पाणी मार. सख्ख्या माणसाचं बोलणं आपण घेऊ नये."

"मास्तर, तो कागद सोडून बोलला तर काय कराल?"

"बोलेल ते सांगेन. दुसरं काय येतं मला?"

मैना त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांपुढे वहिनी आली, फौजेच्या वसाहतीतलं ते दोन खोल्यांचं घर आलं, शाळेच्या बसमागे पळणाऱ्या दोघी पोरी आल्या. आई आली. आईला कसं सांगायचं, इथंच तिचं डोकं थांबलं.

"मीच करते," ती म्हणाली.

"मैना."

"मीच करते म्हटलं ना मास्तर!"

ती माइकसमोरच्या खुर्चीत बसली, आणि मास्तर उभे राहिले. सभागृह भरत होतं.

दादा उठला. गणवेश कडक इस्त्रीचा. त्यानं दोन्ही पानं समोर ठेवली आणि पालथी केली.

"माझ्यासमोर जो कागद आहे," तो आपल्या भाषेत म्हणाला, "त्यात शंभरात एक असं लिहिलंय."

मैनेनं वाचायला सुरुवात केली. 'अध्यक्ष महोदय, आमच्या सैन्यानं नेहमीच नागरिकांच्या सुरक्षिततेला प्राधान्य दिलं आहे.'

"आकडा खोटा नाही. पण तो चाचणीच्या मैदानावरचा आहे. कडक, सपाट..."

'नव्या रचनेच्या गोळ्यांमध्ये स्वतः निकामी होण्याची यंत्रणा आहे.' ती आकडे सावकाश सांगत होती. स्वतःच्या आवाजाखाली दादाचा आवाज तिला तुटक तुटक ऐकू येत होता. नांगरलेली जमीन, असं काहीतरी. फांद्या. माझी पोरं. ती ऐकायचं नाही म्हणून आणखी स्पष्ट उच्चार करत होती. मास्तरांचा हात पुढे आला, माइकच्या बटणाकडे. तिनं तो ढकलला. दुसऱ्यांदा आला, तेव्हा तिनं तो मनगटाला धरून बाजूला केला. म्हाताऱ्या माणसाचं मनगट, हलकं. मास्तरांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि ते खोलीबाहेर गेले. दार त्यांनी आवाज न करता लावलं.

दोन पानं संपली. दादा बोलतच होता.

असं होईल हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. सभागृहात माणूस बोलतोय आणि कानात काही नाही, म्हणून माना मागे वळायला लागल्या. मैनेनं तोंडाला येईल ते बोलायला घेतलं. आमचं सरकार शांततेसाठी कटिबद्ध आहे. आम्ही सर्व सूचनांचा आदर करतो. आम्ही पुन्हा एकदा सांगू इच्छितो. वर्षानुवर्षं हजार भाषणांतून तोंडात बसलेली वाक्यं आपोआप येत होती, आणि खाली तिचा भाऊ छातीवर हात ठेवून म्हणत होता, "होतं. मला माहीत होतं."

शिंपीण उठून उभी राहिली.

तिनं दादाकडे पाहिलं. मग खुर्च्यांच्या रांगेतून वाट काढत, लोकांच्या गुडघ्यांना अडखळत ती त्याच्याकडे चालायला लागली. सभागृहाला काही कळेना. कटिबद्ध, आदर, सूचना, यात उठून जाण्यासारखं काय होतं? एक पहारेकरी पुढे झाला. शिंपीण दादाच्या टेबलाशी पोचली आणि नुसती उभी राहिली. दादाही उभाच होता. मग कुणीतरी तिला हलकेच धरून जागेवर नेलं.

अध्यक्ष खाकरले आणि बोलू लागले. खोलीत मैना एकटी होती. तिकडचं बोलणं आपल्या भाषेत आणण्याचं कामही आता तिचंच होतं. दादानं हेडफोन कानाला लावलेला तिला दिसला. शिंपिणीनंही लावला.

अजूनही काही रचून सांगता आलं असतं. पण रचायला तिच्याकडे आता काही उरलंच नव्हतं. तिनं ऐकू आलं ते सांगितलं.

"मी मेजरसाहेबांचे आभार मानतो. त्यांनी दिलेल्या आकड्यांमुळे अनेकांना दिलासा मिळाला असेल."

दादानं मान वळवली. इतक्या लांबूनही त्याला बरोबर खोली सापडली. तो काचेकडे बघत राहिला. मग त्यानं समोरच्या माइकचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. शेजारून सचिवसाहेबांनी त्याच्या हातावर हात ठेवला, मित्रानं ठेवावा तसा, आणि अध्यक्षांनी पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं.

सत्र संपेपर्यंत मैनेला उठता येईना. बोलणी चालू, तोपर्यंत दुभाष्याला खुर्ची सोडता येत नाही. कुठल्या तरी देशाचा कायदेपंडित सांगत होता की साध्या गोळ्यांनी तेच काम करायचं तर कितीतरी जास्त गोळे लागतील, आणि मग जास्त घरं पडतील. तेव्हा बंदी म्हणजे दया असं समजू नका. दुसरा म्हणाला, शेजारी सही करणार नाही, मग आम्हीच हात बांधून का बसायचं? तिसरा म्हणाला, लढाई संपल्यावर माणूस मारणारं शस्त्र कुणाच्या बाजूनं लढत असतं? मैनेनं तिघांचंही बोलणं चोख सांगितलं. तिचा आवाज जराही हलला नाही, याची तिला भीती वाटली.

बाहेर पडली तर दारातच शिंपीण उभी होती.

"तू बोलत होतीस ना माझं?"

"हो."

"मघाशी त्यांनी काय ऐकलं? तो तर वेगळंच बोलला. मी कान देऊन ऐकलंय."

मैनेनं मागचं दार ओढून घेतलं.

"मग माझंही असंच केलंस का?" शिंपीण म्हणाली. ती रागावलेली नव्हती, खरोखर विचारत होती. "मी भाचीचं सांगितलं. ते तरी पोचलं का त्यांना, की तेही तू दुसरंच काही सांगितलंस?"

"नाही हो. तुमचं सगळं जसंच्या तसं सांगितलं. शप्पथ."

"मला कसं कळणार?" शिंपीण म्हणाली. आणि ते खरंच होतं. तिला कधीच कळणार नव्हतं.

दादा तिला जिन्यात सापडला. पायरीवर बसला होता, टोपी गुडघ्यावर.

"तू तुरुंगात गेला असतास," तिनं उभ्या उभ्याच सांगितलं.

"हो."

"हो काय, हो? वहिनीचं काय? पोरींचं काय?"

"तिला सांगून आलोय मी." तो वर न बघता म्हणाला. "आठवडाभर बोललो आम्ही. ती भांडली, रडली, मग म्हणाली, बोल एकदाचं, नाहीतर तू घरात असून नसल्यासारखा राहशील. पोरींच्या शाळेचंसुद्धा तिनं बघून ठेवलंय. सगळ्यांना विचारलं मी, मैना. तुला तेवढं विचारायचं राहिलं, कारण मला वाटलं, तू फक्त सांगणार आहेस."

"मी तुला वाचवलं."

"कशातून?"

वरच्या मजल्यावर कुणीतरी हसत गेलं.

"मोकळा झालो होतो मी," दादा म्हणाला. "त्या बाईकडे बघत होतो आणि वाटलं, झालं, आता होईल ते होवो. तेवढ्यात तू माझ्या कानात सांगितलंस, दिलासा मिळाला म्हणून." तो उठला आणि टोपी घालून खाली गेला.

दुपारी मुख्य दुभाष्यांनी तिला खोलीत बोलावलं. त्या एक उंच, हडकुळ्या बाई होत्या. त्यांना बऱ्याच भाषा येत, नेमकी ही येत नव्हती. मास्तरांनी तक्रार केली होती. ते भिंतीशी बसले होते, हात मांडीवर. सचिवसाहेबही होते.

"गैरसमज झालाय," सचिवसाहेब म्हणाले. "मेजर भाषणच बोलले. थोडे शब्द इकडचे तिकडे. मास्तरांचं वय झालंय, कानांचा त्रास असतो. मी म्हणत नाही ते मुद्दाम करतायत."

मास्तर लाल झाले. मुख्य बाईंनी मैनेकडे पाहिलं. टेबलावर ध्वनिमुद्रणाचं यंत्र होतं. सभागृहात मूळ भाषेत बोललेलं सगळं त्यात असे. पण ते समजणारी माणसं खोलीत तिघंच होती, आणि दोघांचं उत्तर होऊन चुकलं होतं.

"मी हे ऐकलं तर मला काहीच कळणार नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही सांगाल ते मी धरेन. तुमच्याकडून चूक झाली का?"

नाही म्हटलं असतं तर मास्तर खोटे ठरले असते, एक म्हातारा माणूस बहिरा ठरवून घरी गेला असता, आणि दादा सुटला असता. म्हणजे जिन्यातल्या त्या पायरीवर बसल्यासारखा जन्मभर सुटला असता. हो म्हटलं तर दादाला बेड्या तिच्याच तोंडून पडणार होत्या. आपण या खोलीतून कशाही बाहेर पडलो तरी आत्ता आहोत तिथेच असणार, असं तिला वाटलं.

"लावा ते," ती म्हणाली. "मी सांगते."

"मैनाताई," सचिवसाहेब हळूच म्हणाले. आपल्या भाषेत, अगदी कळकळीनं. "भाऊ आहे तो तुमचा."

"म्हणूनच, साहेब."

यंत्र सुरू झालं. दादाचा आवाज लहानशा खोलीत फार मोठा वाटला. मैनेनं डोळे मिटले आणि ती त्याच्या मागोमाग निघाली.

"आकडा खोटा नाही. पण तो चाचणीच्या मैदानावरचा आहे. कडक, सपाट जमिनीवरचा. बागेतली जमीन नांगरलेली असते. झाडांना फांद्या असतात. रिबीन फांदीत अडकते आणि पिल्लू खाली पोचतच नाही. आणि आपोआप निकामी व्हायची ती यंत्रणा हिवाळ्यात किती चालते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. खिंडीखालच्या बागेवर गोळे मी डागले. हुकूम माझा होता. शत्रू बागेतून वर चढत होता आणि माझी पोरं वर अडकली होती. ते गोळे नसते तर त्यांतलं एकही घरी गेलं नसतं. हे सांगताना मला लाज वाटत नाही. पण लढाई थांबल्यावर मी दुर्बिणीतून बाग पाहिली. झाडांना रिबिनी होत्या. त्या काय आहेत ते मला माहीत होतं. मी वर कळवलं. उत्तर आलं, बाग आता सीमेपलीकडे गेली, तो आपला प्रश्न नाही. मी गप्प बसलो. पदक घेतलं. या बाईंनी विचारलं, टाकणाऱ्यांना माहीत होतं का. होतं. मला माहीत होतं."

मास्तर मान खाली घालून ऐकत होते. एका ठिकाणी तिचा शब्द अडला तेव्हा त्यांनी तो हळूच पुरवला. यंत्र बंद झालं.

"ही चूक नव्हती," मैना म्हणाली. "मी जाणूनबुजून केलं. मास्तरांनी मला अडवलं होतं."

मुख्य बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. मग हात पुढे केला, आणि मैनेनं गळ्यातला ओळखपत्राचा पट्टा काढून त्यांच्या हातात दिला. सचिवसाहेब तेव्हाच खोलीबाहेर गेले होते. त्यांना फोन करायचे होते.

भाषांतराच्या दुरुस्तीचा कागद सगळ्या शिष्टमंडळांना वाटला गेला. मतदान झालं तेव्हा मैनेला आत जायला परवानगी नव्हती. ती बाहेरच्या दालनात पडद्यासमोर बसली होती. शेजारी शिंपीण येऊन बसली. पडद्यावरची भाषा तिला कळत नव्हती.

"काय झालं?"

"सवलत मिळाली. दुरुस्ती वाचून काही देश फिरले, पण तेवढे पुरले नाहीत."

"म्हणजे नवे वापरणार?"

"हो."

"आणि तो मेजर? तुझा भाऊ आहे म्हणतात."

"त्याला सकाळीच घेऊन गेले."

शिंपिणीनं मान हलवली. धीर दिला नाही की दोषही दिला नाही. जाताना तिनं गळ्याशी पदराची पिन डाव्या हातानं लावायचा प्रयत्न केला, ती लागेना, आणि मैनेनं उठून लावून दिली.

खटला बंद दाराआड झाला. मैनेला साक्षीला बोलावलं. ध्वनिमुद्रणाचं भाषांतर तुमचंच का, एवढंच विचारलं. तिनं हो म्हटलं. दादाला शिक्षा झाली, पदक परत घेतलं. वसाहतीतलं घर सोडावं लागलं, आणि वहिनी दोघी पोरींना घेऊन मैनेकडे आली. दोन खोल्यांत पाच बायका. मैनेला कुणी दुभाष्याचं काम देईना. ती घरीच एका कारखान्याची यंत्रं वापरायची माहितीपत्रकं भाषांतर करू लागली. आई तिच्याशी बोलत नसे. बोललीच तर पोरींमार्फत: "तुझ्या आत्याला म्हणावं, दूध उतू जातंय."

पहिली भेट मिळाली तेव्हा वहिनीला ताप होता, म्हणून मैना गेली. दादा वाळला होता, पण नीट झोपत असावा. पोरींचं, आईच्या गुडघ्यांचं, शाळेचं झालं. मग तिला राहवेना.

"एक विचारू? पुन्हा तशीच वेळ आली, पोरं वर अडकलीत आणि खाली बाग आहे, तर?"

दादानं बाजूच्या पहारेकऱ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "डागीन."

"काय?"

"डागीन, मैना. पोरं मरताना बघत नाही बसणार."

तिचं डोकंच फिरलं. "मग हे कशासाठी? वहिनी माझ्याकडे फरशीवर झोपते. आई माझं तोंड बघत नाही. मी माझं काम घालवलं. आणि तू म्हणतोस डागीन?"

"म्हणूनच ते माझ्या हाताशी असता कामा नये," दादा म्हणाला. "असलं तर मी डागणार. कुणीही डागणार. हे तिथं सांगायचं होतं, ते शेवटी राहिलंच. बाई उठून आली आणि मी विसरलो."

पहारेकऱ्यानं वेळ झाल्याचं सांगितलं. दादा उठला. मैनेला अजून खूप भांडायचं होतं, आणि तिला ते कुठून सुरू करावं कळत नव्हतं.

घरी पोचली तेव्हा वहिनी अंथरुणातून उठून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. आई आतल्या खोलीत होती, पण दार लोटलेलं नव्हतं.

"काय म्हणाले?" वहिनीनं विचारलं.

मैनेनं सगळं सांगितलं. डागीन म्हणाला, तेही सांगितलं. आतल्या खोलीतली हालचाल थांबली होती.

वहिनीनं धाकटीचा फ्रॉक झटकला, दोन बाह्या एकमेकींवर ठेवल्या. "मला माहीत होतं ते," ती म्हणाली. "आठवडाभर तेच तर भांडत होतो आम्ही. जा, हातपाय धू. जेवून घे."